लालावर लाल

मला रंगांची आवड आहे. हे वाक्य चित्रकाराने म्हटलं तर लोक माना डोलावतात. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसाने म्हटलं तर त्याची बायको चष्मा कपाळावर सरकवून त्याच्याकडे बघते. पण आवड आहे ती आहे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझ्या टेबलावर संगणक आला आणि त्यात उभ्याआडव्या चौकटींची ती शीट आली. बाकीच्यांच्या शीट मीठ न घातलेल्या पेजेसारख्या असायच्या, पांढऱ्या आणि बेचव. मी मात्र प्रत्येक चौकट रंगवायचो. मंजूर ते हिरवं, नामंजूर ते तांबडं, आणि जे कुठेच जात नाही ते जांभळं. एकदा साहेब मागे उभे राहून म्हणाले, "ही शीट आहे की रांगोळी?" साहेबांनी कौतुक केलं, असं मी घरी येऊन सांगितलं. बायको म्हणाली, "नक्की कौतुकच होतं ना?" तिचा स्वभावच संशयी, असं म्हणून मी तो विषय संपवला.

निवृत्तीनंतर शहरातल्या मांडवीच्या घरी बसून मी रोज संध्याकाळी समुद्रावर फिरायला जायचो आणि जो भेटेल त्याला सल्ला द्यायचो. काही महिन्यांत समुद्रावर मला ओळखीचं कोणी भेटेनासं झालं. तेव्हा मी गावाकडे लक्ष वळवलं.

आमचं मूळ गाव शहरापासून तासाभराच्या अंतरावर, घाटाच्या अंगाला आहे. वरची वाडी, मधली वाडी, खालची वाडी, एवढाच पसारा. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी देवळातून निघून सहाणेवर, म्हणजे गावामधल्या दगडी चौथऱ्यावर, येऊन बसते आणि तिथून रोज सकाळी उठून घरोघरी जाते. एरवी देवीला भेटायला आपण जायचं. शिमग्यात ती आपल्याकडे येते. त्यामुळे मुंबईतला माणूस एक वेळ सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नाला जाणार नाही, पण पालखी दारात यायच्या दिवशी घराला कुलूप ठेवणार नाही. कोणत्या घरी कोणत्या दिवशी पालखी जाणार हे गावकर ठरवतात. गावकर म्हणजे देवीच्या कामात ज्यांचा शब्द शेवटचा, ते. त्यांना रजा टाकणाऱ्यांचे, गाडीची तिकिटं काढणाऱ्यांचे दिवसभर फोन. यंदाच्या बैठकीत ते वैतागून म्हणाले, "फोन उचलून उचलून कान बधिर झालाय माजा. कोणी तरी कायतरी करा."

कोणीतरी करा, असं कुठेही कोणीही म्हटलं की मी उभा राहतो. हा माझा जुना आजार आहे.

मी शीट करतो म्हणालो. सगळ्या गावाला आपापल्या फोनवर दिसेल अशी. एका ओळीत एक घर. पुढे दिवस, वेळ, सकाळ की संध्याकाळ. गावकर म्हणाले, "तुमी शिकलेले. करा." त्यात काही खोच होती का, यावर मी तेव्हा विचार केला नाही.

शीट झाली आणि मी तिला नियम लावले. कचेरीतून माणूस निवृत्त होतो, माणसातून कचेरी होत नाही. नियम पहिला: कोणीही कोणालाही फोन करू नये. नियम दुसरा: ज्याला काही सांगायचं आहे त्याने आपल्या घराच्या चौकटीवर टीप लिहावी. टीप लिहिली की चौकटीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटासा लाल त्रिकोण उमटतो. हा त्रिकोण अगदी तिळाएवढा असतो. त्यावर बोट टेकवलं की आतला मजकूर उघडतो. नियम तिसरा, आणि याचा मला विशेष अभिमान होता: टिपेला उत्तर आलं नाही तर मागणी मान्य झाली असं समजावं.

मग मी रंग भरायला बसलो. खालच्या वाडीला आंब्याच्या मोहोराचा फिका पिवळा. मधल्या वाडीला आभाळाचा निळा. आणि वरची वाडी म्हणजे आमची वाडी. पालखीचा पहिला खांदा आमचा, तो मान पिढ्यानपिढ्यांचा. तिला असातसा रंग कसा चालेल? तिला मी कुंकवाचा रंग दिला. लालभडक, त्यावर पांढरी अक्षरं. बायकोने फोन हातभर लांब धरून बघितला आणि म्हणाली, "अहो, डोळ्यांत तिखट गेल्यासारखं होतंय." मी म्हणालो, "देवीचा रंग आहे." देवीचं नाव घेतलं की घरातले वाद मिटतात, हेही मी कचेरीतच शिकलो होतो.

आमच्या वाडीतलं सगळ्यात वरचं घर काकूचं. चुलत काकू, पण लहानपणी मे महिन्यात मी तिच्याच ओटीवर पडीक असायचो आणि फणसाच्या भाजीत माझा वाटा तिच्या पोरांपेक्षा मोठा असायचा. तिच्या खुब्याचा सांधा पार झिजला होता. दिवाळीपासून ती खाटेवरच होती. तिची मुलगी मुंबईला असते. तिने तिकडे ऑपरेशनचं ठरवलं होतं. काकूने तिला एकच सांगून ठेवलं होतं. पालखी दारात आली, देवीची ओटी मी माझ्या हाताने भरली, की मग मला कुठेही न्या, त्याआधी नाही. आपल्या बाकी साऱ्या हौशी ती हसत हसत सोडून देत आली होती. ही मात्र तिने सोडली नव्हती. ऑपरेशन शिमग्यानंतर आहे असं मला कळलं होतं, आणि त्यापुढे मी चौकशी केली नव्हती. सगळं शीटवर येणारच होतं ना.

टिपा यायला लागल्या. खालच्या वाडीतल्या पिवळ्या चौकटींच्या कोपऱ्यांत लाल त्रिकोण दिसायचे, ओल्या हळदीवर तिखट सांडावं तसे. कोणाची गाडी उशिरा पोचणार होती, कोणाकडे बाळंतीण होती, कोणाला ढोल अंगणाबाहेरच हवा होता. मी प्रत्येक टीप गावकरांना वाचून दाखवायचो, ते बसल्याजागी क्रम वरखाली करायचे, मी उत्तर लिहायचो. निळ्या चौकटींतही तसंच. आमच्या वाडीतून मात्र एकही टीप नाही. लाल चौकटींचा सगळा पट्टा कसा स्वच्छ, निर्विघ्न. मी तो रोज सकाळी चहाबरोबर डोळे भरून बघायचो.

शेवटच्या बैठकीत मी हे बोललोसुद्धा. सगळ्या गावासमोर. "बघा," मी म्हणालो, "दोन वाड्यांच्या मागण्या संपता संपत नाहीत. आमच्या वरच्या वाडीची एक तरी तक्रार आहे का? याला म्हणतात शिस्त." वरच्या वाडीची दोनचार मंडळी बैठकीला होती. ती एकमेकांकडे बघायला लागली. मला वाटलं, कौतुकाने संकोचली.

पालखी आमच्या वाडीत यायची होती संध्याकाळी. सकाळी ती खालच्या वाडीत असणार होती. आम्ही दोघं आदल्या संध्याकाळी गावच्या घरी पोचलो, आणि घर झाडण्यात रात्र झाली. काकूकडे डोकावून येऊया, असं बायको म्हणाली होती. मी म्हणालो, उद्या पालखीबरोबर जायचंच आहे. सकाळी ती घावनांचं पीठ भिजवत होती. खालून ढोलांचा आवाज येत होता. काकूकडे ओटीचा खण आणि नारळ किती वाजता घेऊन जावा हे बघायला तिने माझा फोन पिठाच्या हातानेच ओढला आणि काकूच्या चौकटीवर बोट ठेवलं.

"अहो, इथे काहीतरी उघडलं."

"तिथे काही नाही," मी न बघताच म्हणालो. माझी वाडी मला पाठ होती.

ती मोठ्याने वाचायला लागली. "दवाखान्याने तारीख अलीकडे आणली. आईची गाडी पालखीच्याच दिवशी सकाळी दहाला निघेल, रात्री दाखल करायचं आहे. पालखी सकाळी पहिली आमच्याकडे आणता येईल का? ओटी भरल्याशिवाय आई निघायला तयार नाही. परत येईन की नाही कोण जाणे, म्हणते."

मी फोन हातात घेतला आणि उन्हात नेला. तिरका धरला. नाक लावलं. तेव्हा मला तो दिसला. लाल चौकटीच्या कोपऱ्यात लाल त्रिकोण. कुंकवात कुंकवाचं बोट बुडवल्यासारखा. मग मी शेजारच्या घरावर बोट टेकवलं, तिथेही टीप. त्याच्या खाली, तिथेही. आमची शिस्तप्रिय वाडी गेले कित्येक दिवस माझ्याशी बोलत होती, आणि मी बैठकीत तिची पाठ थोपटत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथे दिवाही मीच लावला होता आणि तेलही मीच ओतलं होतं.

नऊ वाजून गेले होते. म्हणजे माझ्याच तिसऱ्या नियमाप्रमाणे त्या घराने मागणी मान्य झाली असं धरलं होतं. काकूला पहाटेच उठवून लुगडं नेसवलं असणार, दारात रांगोळी घातली असणार. आणि पालखी तर सहाणेवरून उठून खाली गेली होती. मला धडकीच भरली.

बायकोने हात धुतले. "तुम्ही देवीकडे पळा," ती म्हणाली. "मी काकूंकडे जाते. गाडी धरून ठेवते. त्यांच्यासमोर तुम्ही आत्ता नकोच."

मी पळालो. आता, माझ्या पळण्याबद्दल. मी शेवटचा पळालो तो बहुधा एसटीमागे, आणि ती एसटीही मिळाली नव्हती. चिऱ्यांच्या पाखाडीच्या पायऱ्यांवरून, नवीन धोतराचा सोगा एका हातात, फोन दुसऱ्या हातात, असा मी खालच्या वाडीत उतरलो. तिथे पालखी खांद्यांवर नाचत होती. आमच्याकडे शिमग्यात एक खेळ असतो. अंगणात कोणीतरी गुपचूप नारळ पुरून ठेवतो आणि पालखी नाचता नाचता बरोबर त्या जागेवर येऊन थांबते. मी पोचलो तेव्हा नेमकं तेच चाललं होतं. पालखी झुकली, लोकांनी माती उकरली, नारळ वर आला, एकच जल्लोष झाला. देवी मातीखालचा नारळ शोधत होती, आणि मला उघड्या फोनवरचं दिसत नव्हतं.

मी गावकरांना गाठलं आणि धापा टाकत सगळं सांगितलं. ढोल नेमका तेव्हाच थांबला, त्यामुळे माझं शेवटचं वाक्य, "लालावर लाल आलं हो, म्हणून दिसलं नाही," हे पूर्ण खालच्या वाडीने ऐकलं.

गावकरांनी फोन बघितला. मग माझ्याकडे बघितलं. "आदी सांगितलं असतं तर पयलं घर तिचंच धरलं असतं. त्यात काय व्हतं? आता सकाळी सहाणेवर गाऱ्हाणं घालून देवीला आजची घरं सांगून निगालोय. सांगितलेला क्रम मोडता येत नाय, दादा."

मी म्हणालो, "काही तरी करा." आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि उभं राहायला दुसरा कोणी हवा होता.

गावकर रस्त्याकडे वळले. मग म्हणाले, "घर बदलता येत नाय. पण हितनं पुढच्या घरी जाताना चिंचेच्या वळणावर देवी डांबरी रस्ता ओलांडते. वाटेत देवी कुणाला भेटली तर तिला कोण अडवणार? गाडी तितं आणा."

मी बायकोला फोन लावला. पहिला नियम असा मोडला. तिने उचलला तो मागे गाडीचं इंजिन ऐकू येत होतं.

चिंचेच्या वळणावर मी आधी जाऊन उभा राहिलो आणि दोन्ही हात हलवून रहदारी अडवली. रहदारी म्हणजे एक रिक्षा आणि एक मासळीवाली. मासळीवाली पाटी उतरवून म्हणाली, "देवीसाठी थांबतंय, तुमच्यासाठी नाय." वरून गाडी आली. मागच्या सीटवर उशा रचून काकूला अर्धवट निजवलं होतं. हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, मांडीवर सूप. बायको पुढे बसली होती. काकूची मुलगी काकूला धरून होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. तिने रडून घेतलं होतं हे दिसत होतं. आपली मागणी गावाने फेटाळली आणि कोणी सांगायलाही आलं नाही, असं ती सकाळपासून समजून बसली होती.

पालखी आली. ढोल थांबले. आमच्या वाडीच्या मानकऱ्यांनी खांदे दिले होते. ते हळूहळू गुडघ्यांत वाकत गेले, आणखी वाकले, आणि पालखी गाडीच्या खिडकीला येऊन टेकली. इतकी खाली आलेली पालखी मी कधी बघितली नव्हती. काकूने आधी हात जोडले. मग खण ठेवला, त्यावर नारळ, मग ओंजळीने तांदूळ. थोडे तांदूळ रस्त्यावर सांडले. ते कोणी उचलले नाहीत आणि कोणी त्यावर पायही दिला नाही. मी रहदारीकडे बघत राहिलो. रहदारी डोळे पुसत होती.

गावकरांनी तिथेच रस्त्यात गाऱ्हाणं घातलं. "बाय माजे, ही तुजी लेक आज दवाखान्यात चाललीय. जशी निजून चाललीय तशी नको, आपल्या पायांनी चालत तिला परत आण, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"आनि ह्ये जे तुजं शिकलेलं लेकरू हाय, त्येला डोळ्यापुढचं दिसू दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आधीपेक्षा मोठ्याने. त्यातला सगळ्यात मोठा आवाज गाडीच्या पुढच्या सीटवरून आला.

गाडी निघण्याआधी काकूने मला खिडकीपाशी बोलावलं. मी मान खाली घालून गेलो. "मेल्या," ती म्हणाली, "माझ्या लेकीनं वेळेत लिहिलंन होतं."

"हो काकू."

"मग तुला दिसलं कसं नाय?"

मी रंग, छटा, कोपरा असं काहीतरी समजावायला लागलो. तिने हात वर केला. "देवीला कुंकू कपाळावर लावतात. कुंकवाच्या डब्यात नाय लावत," ती म्हणाली, आणि गाडी गेली.

पुढच्या आठवड्यात मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मोतीबिंदू निघेल अशी मला फार आशा होती. मोतीबिंदू निघाला असता तर निदान गावात सांगायला तोंड राहिलं असतं. डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घालून, दिवे मारून तपासलं आणि अभिनंदनाच्या सुरात म्हणाले, "या वयात असे डोळे क्वचित बघायला मिळतात." घरी आल्यावर बायकोने विचारलं, काय म्हणाले? मी म्हणालो, "कौतुक केलं." या वेळी तिने संशय घेतला नाही, नुसती हसली.

मग एके दिवशी बसून मी शीटवरचे सगळे रंग काढले. कुंकू पुसलं, मोहोर झडला, आभाळ गेलं. पांढऱ्या चौकटी, काळी अक्षरं. पेज ती पेजच, पण पेजेत पडलेला खडा लगेच दिसतो. सगळ्या जुन्या टिपा वाचल्या, उत्तरं दिली, पुसल्या. शीट स्वच्छ झाली, आणि या वेळी खरोखरच स्वच्छ.

मुंबईहून काही कळत नव्हतं. ऑपरेशन झालं एवढंच कळलं, पुढे काही नाही. मी फोन करायचो नाही. काकूच्या मुलीशी काय बोलायचं, या विचारानेच बोट अडायचं. त्याऐवजी रोज सकाळी चहाबरोबर शीट उघडायचो. पालखी होऊन गेली होती, शीटचं काम संपलं होतं, तरी उघडायचो.

आणि एका सकाळी काकूच्या चौकटीच्या कोपऱ्यात लाल त्रिकोण दिसला. फोन हातभर लांब धरूनही दिसला. खोलीच्या दारातून दिसला असता इतका स्पष्ट. शिमग्यात मला जो दिसायला हवा होता, तो आता दिसला आणि आता तो दिसू नये असं वाटायला लागलं. शिमगा संपल्यावर त्या चौकटीत कोणी काय लिहिणार? चांगली बातमी फोन करून सांगतात. चहा गार झाला. मी फोन पालथा घातला, सुलटा केला, पुन्हा पालथा घातला.

बायको समोर येऊन बसली. तिने फोन उचलला, बोट टेकवलं आणि वाचलं.

"आई आज वॉकर धरून दारापर्यंत चालली. ती म्हणते, त्याला फोन नको, तिथेच लिही. म्हणते, बघूया मेल्याला आता तरी दिसतंय का."

मी नियम करणारा माणूस. उत्तर तिथेच लिहायला हवं होतं. मी फोन लावला, आणि काकू पलीकडून "कोण?" म्हणाली तेव्हा मी म्हणालो, "दिसलं, काकू."